फौजीची तार आणि माझा जोड

माझ्या धाकट्या भावाने टेलिफोन पाठीवर वाहिला आणि मी खांबावर चढवला. दोघांचं आयुष्य तारेतच गेलं. फरक एवढाच की दर सव्वीस जानेवारीला त्याच्या गळ्यात हार पडतो आणि मी समोर टाळ्या वाजवत बसतो. हे मी चेष्टेने सांगतो असं लोकांना वाटतं. मी चेष्टा करत नसतो. मला त्याचा हेवा वाटतो. पासष्टी गाठल्यावर माणसाला एवढी तरी अक्कल यावी म्हणतात; मला अक्कल आली, हेवा गेला नाही.

आम्ही धरणगावजवळच्या एका खेड्यातले. फौजेत जायचं वेड माझं, त्याचं नव्हे. धुळ्याला भरती निघाली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि तो एकोणीसचा. मला सोबत पाहिजे म्हणून मी त्याला ओढून नेलं. पळण्यात मी त्याच्या पुढे होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग डॉक्टरांनी पाय ओले करून फरशीवर उभं राहायला लावलं. माझ्या पावलांचा ठसा अख्खा उमटला, मध्ये खळगी नाही. सपाट तळवे. मला बाजूला काढलं आणि त्याच्या हातात कागद ठेवला. कागद घेऊन तो माझ्याकडे आला तो घाबरलेला. हळूच विचारलं, "भाऊ, काय व्हयनं?" मी म्हटलं, "काही नही. पुढल्या खेपले." पुढली खेप नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

तो फौजेत गेला. मी पुढच्या वर्षी टेलिफोन खात्यात रोजंदारीवर लागलो आणि यथावकाश लाइनमन झालो. ज्या सपाट पायांना फौजेने नापास केलं त्यांच्यावर मी तीस वर्षं खांब चढलो. खात्यातल्या कोणी माझे पाय बघितले नाहीत. बरं, भाऊ तिकडे तोफा-बंदुका घेऊन राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याला सिग्नलमध्ये घातलं, आणि तेही लाइनमन म्हणून. म्हणजे काम तेच. तार ओढायची, जोड मारायचा, हॅलो म्हणायचं. मी केलं तर ती नोकरी आणि त्याने केलं तर देशसेवा.

पहिल्या सुटीवर आला तेव्हा तो ओट्यावर बसून हातांनी त्या टेलिफोनचा आकार दाखवत होता. लोखंडी पेटी, वरून कॅनव्हासचं दप्तर, बाजूला फिरवायचा दांडा, आत जाडजूड दोन सेल. दांडा फिरवला की पलीकडच्या पेटीत घंटी वाजते. तारेचं रीळ पाठीवर घ्यायचं आणि चालत चालत तार सोडत जायची. रस्ता आडवा आला तर एक तर तार जमिनीत पुरायची, नाही तर झाडावर उंच चढवायची, खालून गाडी गेली पाहिजे. सगळं गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं. मी म्हटलं, "अगदी असाच दांड्याचा फोन आपल्या एक्सचेंजमध्येही आहे." शेजारचे आबा म्हणाले, "शे ना. पन तो लागस का कधी?" ओटा हसला. भाऊही हसला. ते हसणं मी कुठं विसरलोय?

पुढे दर सुटीला त्याचा टेलिफोन बदलत गेला. लोखंडी पेटी जाऊन हलकी प्लॅस्टिकची आली. घंटीचा आवाज शत्रूला जाऊ नये म्हणून घंटी बंद करून नुसता दिवा लागायची सोय आली. मग बटणांचा संच आला. एकदा आला तो कानातल्या शिट्टीची गोष्ट घेऊन. तुटलेली तार जोडायला दोघे गेले होते, जवळच गोळा फुटला, आणि तीन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती म्हणे. एवढंच सांगितलं, पुढचं कोणी विचारलं तरी बोलला नाही. बायाबापड्यांनी चुकचुक केली. मी मात्र मनात म्हटलं, घ्या, आता हेही मिळालं याला. मला तर खांबावर गांधीलमाश्या चावल्या होत्या, त्याबद्दल कोणी चुकचुकलं नव्हतं.

टेलिफोन माझ्याकडेही बदलतच होता. दांडा गेला, बोटाने फिरवायची तबकडी आली, तबकडी गेली, बटणं आली. गावोगाव मी तांबं ओढलं. धरणगावात असं एक घर नव्हतं की ज्याचा जोड कुठल्या खांबावर आहे हे मी झोपेत सांगू शकलो नसतो. मग मोबाइल आला आणि दहा-पंधरा वर्षांत माझं तांबं जमिनीतून उपटून भंगारात गेलं. आमच्या गल्लीतल्या माझ्या खांबाला आता म्हैस बांधतात. भावाला विचारलं, तुमच्याकडेही वायरलेस आल्यावर तारा गेल्या असतील ना? तो म्हणाला, नाही, हवेतून बोललेलं कोणीही पकडू शकतं, तारेतलं पकडायला तारेपर्यंत यावं लागतं. म्हणून आजही तार टाकतात. हे ऐकून माझ्या पोटात जे दुखलं ते ओव्याने थांबणारं नव्हतं. त्याची तार जिवंत आणि माझी तार रद्दी.

पण खरं सांगायचं तर हेव्याची मुळी हारात नाही आणि तांब्यातही नाही. ती त्या ट्रंककॉलमध्ये आहे.

दोन-तीन महिन्यांतून एकदा त्याचा फोन आमच्या एक्सचेंजला यायचा. तासाभराने पुन्हा लावतो एवढंच तो सांगायचा आणि ऑपरेटर मला आवाज द्यायचा. मी सायकल काढून गावात जायचो, मायला कॅरिअरवर बसवून आणायचो, रिसीव्हर तिच्या हातात द्यायचो. माय रडायची, मग बाबा खाकरून दोन शब्द बोलायचे, पुढे लग्न झाल्यावर त्याची बायको बोलायची. मिनिटं मोजकी असायची. मायच्या बोलण्यात एक वाक्य दर वेळी यायचं, म्हणजे पलीकडून तो विचारत असणार. "हाव, मोठा आठेच उभा शे." मी तिथेच उभा असायचो. तोवर वेळ संपलेली असायची. वीस-बावीस वर्षं त्याचा प्रत्येक फोन मी आणला, आणि एकही माझ्यासाठी नव्हता. मागितला असता तर माय रिसीव्हर देती. पण असं मागतं कोण?

तो निवृत्त झाला. मग नरडाण्याला एका कारखान्यात सिक्युरिटीला लागला, तिथेच खोली करून राहिला. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सुटली आणि तो कायमचा गावात आला. आमची घरं शेजारी शेजारी. तो ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि माझं दार त्याच्या डाव्या हाताला येतं.

इतक्या वर्षांनी आला तर वाटलं होतं, दोघे म्हातारे चहा घेत बसू. कसलं काय. पहिल्या आठवड्यात मी माझ्या दारातून हाक मारली, "अरे, चहा ठेवलाय." त्याने मानही वळवली नाही. दोन दिवसांनी पुन्हा मारली. ढिम्म. बायको म्हणाली, "ऐकू गेलं नसेल." मी म्हटलं, तीस हात लांबून गल्लीतल्या पोरांना दरडावताना बरं ऐकू येतं? पाच-सहा वेळा झाल्यावर मी हाक मारणं सोडून दिलं. त्याचा राम राम आला की माझा राम राम, एवढंच.

त्याच्या एकेक तऱ्हा. मोबाइलवर बोलताना हा कायम स्पीकर लावणार. त्याच्या जुन्या साहेबाचा फोन आला की अख्ख्या गल्लीने ऐकायचा. लग्नात पंगतीला बसला की उठून डावीकडच्या टोकाला जाणार, म्हणजे सगळी माणसं याच्या उजवीकडे आणि हा टोकाला मानाच्या जागी. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत असला तरी तेच, आणि पहिली पत्रावळ फौजीपुढे. मी ताटाकडे बघून जेवायचो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण हाही इथलाच होता, मग याचं कसं विकत होतं?

या वर्षी गावच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांना सव्वीस जानेवारीला काहीतरी नवं करायचं होतं. मुलांनी आयुष्यात तारेचा फोन पाहिलेला नाही. फौजी म्हणाला, मी दाखवतो. धुळ्याच्या भंगार बाजारातून त्याने दांड्याचे दोन जुने संच मिळवले आणि सोबतच्या एका निवृत्त जवानाकडून दोन पदरी तारेचं रीळ आणलं. आठवडाभर तो ओट्यावर बसून ते संच उघडून पुसत होता आणि भोवती माणसं जमत होती. मी दाराआडून बघायचो. टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेला सख्खा भाऊ भिंतीपलीकडे होता. एका शब्दाने विचारलं नाही.

बेत असा होता. एक संच शाळेच्या स्टेजवर फौजीजवळ, दुसरा ग्रामपंचायतीत सरपंचांजवळ. झेंडावंदनानंतर सरपंच तिकडून निरोप सांगणार, फौजी तो फौजेच्या पद्धतीने शब्द न शब्द कागदावर लिहून घेणार आणि माइकवर वाचून दाखवणार. तार त्याने आदल्या दिवशी दुपारी टाकली. रस्ता ओलांडताना नियमाप्रमाणे दोन कडुनिंबांवर उंच चढवली. पण कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेल्या ट्रॉलीला कुठला नियम? दिवस मावळायच्या आत एक ट्रॉली खालून गेली आणि तार घेऊनच गेली.

तेव्हा त्याला मी आठवलो. त्याचा गुडघा शिडी चढू देत नाही. तो दारात आला आणि म्हणाला, "भाऊ, जोड मारना शे." दोन वर्षांतलं त्याचं मला उद्देशून सर्वांत लांब वाक्य.

मी पक्कड घेऊन गेलो. मनात म्हटलं, असा जोड मारतो की बघत राहशील. फौजेच्या तारेत तांब्याबरोबर पोलादाचेही बारीक केस असतात; हाताला टोचतात. म्हणून आधी तारेलाच सरळ गाठ मारायची, म्हणजे ताण गाठीवर येतो, आणि मग टोकं सोलून पीळ द्यायचा. खालून तो सांगत होता, "पहिले गाठ मार." मी काय आज जन्मलो होतो? गाठ मारली, आमच्या खात्याचा सात वेढ्यांचा पीळ दिला, दोन पदरांचे जोड एकमेकांना लागू नयेत म्हणून वीतभर मागेपुढे ठेवले, वरून पट्टी गुंडाळली. त्या जोडावर म्हैस लोंबकळली असती तरी सुटला नसता. खाली उतरलो. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "चाली." चाली म्हणजे चालेल. एवढंच. घरी येऊन मी बायकोवर विनाकारण ओरडलो.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. मी ग्रामपंचायतीत सरपंचांजवळ संच सांभाळायला होतो, कारण स्टेजवर अर्थातच फौजी. शाळेचा भोंगा तिथपर्यंत ऐकू येत होता. हेडमास्तरांनी भावाचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, आणि आमच्या पेटीची घंटी खणखणीत वाजली. सरपंचांनी हँडसेट उचलला. मीही कान जवळ नेला.

"हॅलो, हॅलो, ऐकू येस का?" भावाचा आवाज स्वच्छ आला.

"येस, येस," सरपंच म्हणाले. "लिही घ्या फौजी."

"हॅलो? हॅलो?"

"अहो ऐकू येस. बोला."

"हॅलो? काही ऐकू येत नाही." मग तोच आवाज भोंग्यातूनही आला, म्हणजे तो माइककडे वळला होता. पोरांसमोर तो शुद्ध बोलतो. "मुलांनो, लाइन डेड आहे. काल तार तुटली होती. जोड घाईत मारलेला आहे, कच्चा राहिला असेल. आमचे भाऊ बघतील."

हे मी दोनदा ऐकलं, एकदा तारेतून आणि एकदा भोंग्यातून. आमचे भाऊ बघतील. वर उदारपणे सांभाळूनही घेतलं मला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, ज्या तारेतून तुझी तक्रार इथपर्यंत येतेय ती तार डेड कशी असेल? आवाज एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जात नाही, तर दोष तारेत नसतो, संचात असतो. हे पहिल्या वर्षाच्या लाइनमनलाही कळतं. आणि संच कोणी दुरुस्त केला होता? आठवडाभर ओट्यावर बसून?

मग मात्र मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पक्कड खिशात टाकून शाळेकडे निघालो तेव्हा मी अक्षरशः वरातीला निघाल्यासारखा चालत होतो. अख्खं गाव जमलेलं, माइक चालू, आणि मी सांगणार होतो की जोड माझा पक्का आहे, फौजीचा संच फेल आहे. सरपंचांना म्हटलं होतं, तुम्ही फक्त बोलत राहा, थांबू नका. वाटेत कडुनिंबाखाली थांबून वर बघितलं. माझा जोड जागच्या जागी होता.

स्टेजवर चढलो. भाऊ खुर्चीत ताठ बसला होता. हँडसेट डाव्या कानावर इतका दाबलेला की कान लाल झाला होता. समोर कोरा कागद, उजव्या हातात पेन्सिल. ती फौजेची सवय. डाव्या हाताने ऐकायचं, उजवा हात लिहायला मोकळा. पोरं चुळबुळ करत होती, मागे कोणीतरी हसलं. मी त्याच्या हातातून हँडसेट घेतला आणि माझ्या कानाला लावला, "ह्या संचातच" हे शब्द तोंडात तयार ठेवून.

"फौजी, अहो फौजी, मी कधीना बोली ऱ्हायनू," सरपंच सांगत होते. "लवकर लिही घ्या, आठे चहा निवी ऱ्हायना."

शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट आवाज. चहाच्या कपाची किणकिणसुद्धा ऐकू आली.

संच चांगला, तार चांगली. मी हँडसेट हातात धरून उभा राहिलो. मग वाकून त्याच्या डाव्या कानाशी हलक्या आवाजात म्हटलं, "तुला ऐकू येतंय का?" तो समोर हेडमास्तरांकडे बघत राहिला. डोळासुद्धा हलला नाही.

तिथे मला सगळं एकदम कळलं. स्पीकर का लावतो, पंगतीत डावीकडचं टोक का धरतो, आणि माझं दार त्याच्या कुठल्या हाताला आहे.

आता मी काय केलं ते सांगतो, पण आधी काय करावंसं वाटलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला माइक ओढून म्हणावंसं वाटलं, तार चांगली आहे, संच चांगला आहे, फौजीचा कान गेलाय. एक वाक्य. चाळीस वर्षांचा हिशेब मिटला असता, आणि एक शब्दही खोटा नव्हता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि मला ते गोड लागत होतं.

तेवढ्यात त्याने मान माझ्याकडे वळवली, म्हणजे उजवा कान माझ्याकडे केला, आणि हळूच विचारलं, "भाऊ, काय व्हयनं?"

धुळ्याच्या मैदानात विचारलं होतं त्याच आवाजात. तेव्हाही मी खोटं बोललो होतो. माइकजवळ जाऊन म्हणालो, "जोड कच्चाच राहिला. माझा होता. पाच मिनिटं द्या."

बोललो तर खरं, पण आता ते खरं करून दाखवणं भाग होतं. शिडी लावून कडुनिंबावर चढलो. पोरं खाली जमून वर बघत होती. चांगला जोड कापणं म्हणजे काय, हे ज्याने जोड मारलेत त्यालाच कळेल. पक्कड लावली आणि दोन्ही पदर तोडले. कापलेला तुकडा खाली टाकला. नवा जोड मारला. त्याच्याइतका सुबक आला नाही.

परत येऊन मी पेटी टेबलावर उलटी फिरवली, दांडा त्याच्या डाव्या हाताला आणला आणि हँडसेट उजव्या हातात दिला. माइकवर ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या खात्यात उजव्या कानाला धरायची पद्धत आहे. आज आमच्या पद्धतीने होऊ द्या." असली पद्धत जगात कुठल्याही खात्यात नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हँडसेट उजव्या कानाला लावला, आणि त्याचा चेहरा बदलला.

आता त्याचा लिहायचा हात अडकला होता. म्हणून त्याने निरोप मोठ्याने उच्चारला आणि कागदावर मी लिहून घेतला. गावकऱ्यांना शुभेच्छा, विद्यार्थ्यांना आशीर्वाद, आणि चहा गार झाल्याचं सरपंचांनी शेवटी सांगितलं तेही. पोरं खदखदून हसली, टाळ्या कडाडल्या, हार फौजीच्या गळ्यात पडला. हेडमास्तर आभार मानताना म्हणाले, मोठ्या भावांनी चूक प्रांजळपणे कबूल केली, हाही एक आदर्श आहे.

मोठेपणा करून मला बरं वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं नाही. पुढचे तीन दिवस मी नुसता धुमसत होतो. दुकानात गेलो तर वाणी म्हणाला, "काय भाऊ, जोड कच्चा राही गया म्हने." माझी बायको म्हणाली, "इतकी वर्षं पगार घेतलात, आणि गावासमोर एक जोड धड मारता येऊ नये?" तिलाही खरं सांगितलं नाही. भिंतीपलीकडे फौजीला लोक येऊन शाबासकी देत होते. मला वाटायचं, उठावं आणि गल्लीत उभं राहून खरं सांगून टाकावं. मनात दहा वेळा सांगून झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. खुर्ची उचलून त्याने आधी जागा बदलली, मी त्याच्या उजव्या हाताला येईन अशी ठेवली, आणि बसला. मग खिशातून वीत-दीड वीत तार काढली. मी कापलेला जोड. तार गुंडाळताना त्याला कडुनिंबाखाली सापडला होता. दोन्ही टोकं त्याने मुठीत धरली आणि दंडाच्या शिरा फुगेपर्यंत ताणली. जोड हलला नाही.

"हाऊ जोड कच्चा नव्हता," तो म्हणाला. "मंग तू कशाले कापा?"

मी म्हटलं, "तुझा डावा कान कधीपासून गेलाय?"

त्याने तार मांडीवर ठेवली. मग सांगितलं. शिट्टी तीन दिवसांत थांबली नव्हती. थोडी थोडी करून आवाजच घेऊन गेली. नरडाण्याला कोणाला कळू दिलं नाही, कानाने अधू माणसाला गेटवर कोण ठेवतं? नोकरी सुटली तरी लपवायची सवय सुटली नाही. मोबाइलला स्पीकर असतो, त्यावर निभावत होतं. दांड्याच्या पेटीला स्पीकर नाही, हे स्टेजवर हँडसेट उजव्या कानाला लागेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. घरी संच तपासताना घंटीच तेवढी वाजवून बघितली होती. आणि हँडसेट हातात आला की तो डाव्याच कानाला जातो, इतक्या वर्षांनंतर हात विचारत नाही.

"मला सांगायचंस," मी म्हटलं. "मी इथून हाका मारून मारून थकलो. मला वाटलं, फौजी माजलाय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आधी मला वाटलं, याला हेही ऐकू आलं नाही.

"तू माले हाका मारस?" तो म्हणाला. "माले वाटनं, मी ऊनू तधळपाइन तू मनाशी बोलसच नही."

दोन वर्षं. तो आल्यापासून मीच त्याच्याशी बोलत नाही, असं त्याला वाटत होतं. मी माझ्या दारात बसून जळत होतो आणि तो त्याच्या ओट्यावर बसून वाट बघत होता, मध्ये वीस पावलं. मी चहा ठेवायला उठलो, कारण उठणं भाग होतं.

त्याच दिवशी दुपारी त्याने ते दोन संच आमच्या दोन घरांत बसवले. तार भिंतीवरून नेली. जोड मारायची गरज नव्हती, पण त्याने मधोमध तार तोडून त्यात माझा तो कापलेला तुकडा जोडला. दोन्हीकडची गाठ त्याची, मधली माझी. जळगावला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आम्ही ठरवलंय. मशीन बसवतील म्हणतात. तोवर हे. बायको हसली, म्हणाली, एवढ्या अंतराला टेलिफोन?

तो तिकडे गेला. मी इकडे पेटीसमोर बसलो. गळ्यात हार त्याच्याच पडणार आहे, पुढल्या सव्वीस जानेवारीलाही, आणि मला ते पुढेही सहन होणार नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यात घंटी वाजली. माय नाही, बाबा नाहीत, कोणाला सायकलवर बसवून आणायचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा फोन माझ्यासाठी होता.

दोनदा वाजू दिली. मग उचलला.